वाट मागे सरते तेव्हा

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. भूमपासून थोड्या अंतरावर, एका ओढ्याच्या काठाला आमची तीन एकर जमीन आहे. त्या दिवशी तिथं मी, माझा धाकटा भाऊ आणि पलीकडच्या वस्तीवरचे पाच-सहा जण उभे होतो. पाऊस उघडून महिना झाला होता, तरी चिखलात पाय रुतत होते. वाद एकाच गोष्टीवर चालला होता. वाट कुठून होती?

वस्तीवरचे आण्णा काठीनं दाखवत होते, "इथनं होती, सर. ह्या बाभळीच्या अलीकडनं."

बाभूळ आता नव्हती. काठीच्या टोकाखाली ओढ्याचं पाणी वाहत होतं.

भाऊ म्हणाला, "मग ओढ्याला विचारा. त्यानं नेली तुमची वाट. आमचं अर्धा एकर पण त्यानंच नेलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी शिकलेला, मास्तर, चार लोकांत बोलणारा. आणि मला बोलता येईना. का येईना, हे सांगायचं तर आधी मला तुम्हाला समुद्राकाठच्या एका दुसऱ्या वाटेवर न्यावं लागेल. तिथं मी खूप बोललो होतो.

मी बी.एड. झालो तेव्हा आमच्या भागात उर्दू-मराठी शिकवणाऱ्याला जागा नव्हत्या. कोकणात होत्या. आमच्या मराठवाड्यातले किती तरी मास्तर असेच कोकणात गेले, अजूनही जातात. २००९ साली मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावच्या उर्दू हायस्कूलमध्ये शिक्षणसेवक म्हणून हजर झालो. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. टँकरची वाट बघत मोठा झालेला माणूस एवढं पाणी बघून काय बोलणार? पहिल्या दिवशी मी त्यात हात बुडवून चाटून पाहिलं होतं. पोरं हसली होती.

गाव दोन भागांत होतं. एका बाजूला मोहल्ला आणि नारळ-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला कोळीवाडा आणि शाळा. मधे समुद्रात घुसलेली एक टेकडी. डांबरी रस्ता त्या टेकडीला वळसा घालून जायचा, चार-साडेचार किलोमीटरचा. वाटेनं गेलं की दीड किलोमीटर. मोहल्ल्यातून निघायचं, दोन वाड्यांच्या गडग्यांमधून जायचं, एका पऱ्यावरचा साकव ओलांडायचा, जांभ्या दगडाची पाखाडी चढायची आणि मग टेकडीच्या कडेकडेनं, खाली समुद्र आणि डोक्यावर सुरूची झाडं, असं चालत शाळेच्या मागं उतरायचं. तेव्हा मी पंचवीस-तीस वर्षांचा होतो. अकरा वर्षं रोज दोनदा ती वाट चाललो. शहरातले ट्रेकिंगवाले कधी कधी यायचे, फोटो काढायचे, म्हणायचे, 'काय सुंदर ट्रेल आहे.' आमच्यासाठी ती ट्रेल नव्हती. सकाळी कोळणी पाट्या घेऊन मोहल्ल्यात यायच्या त्या त्याच वाटेनं, मोहल्ल्यातली पोरं शाळेत जायची ती त्याच वाटेनं, आणि कोळीवाड्यातलं कुणी आजारी पडलं की मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडं यायचं तेही त्याच वाटेनं.

त्या वाटेनं मला भरती-ओहोटी शिकवली. एका ठिकाणी ती अगदी खाली, खडकांवर उतरायची आणि मोठ्या भरतीला तिथं पाय भिजायचे. एका म्हाताऱ्या कोळी काकांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मला तिथी ठाऊक नसायची, चांदची तारीख ठाऊक असायची. मी आपला चांदच्या तारखेत एक मिळवून तोच हिशेब करायचो. अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकानं जमून जायचं. काका म्हणाले, "चंद्र एकच आहे, मास्तर, पंचांगं दोन असली म्हणून काय."

जवळच हरिहरेश्वर आहे. तिथली प्रदक्षिणेची वाट पुष्कळांनी पाहिली असेल. डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरून ती थेट लाटांनी कोरलेल्या खडकांवर येते. ओहोटी पाहूनच तिथं उतरायचं असतं. न पाहता उतरलेल्या माणसांचे बळी त्या खडकांनी घेतलेत. समुद्राकाठची वाट ही अशी. ती जमिनीची असते तेवढीच पाण्याची असते.

मग ३ जून २०२० उजाडला.

टाळेबंदी चालू होती. ईद होऊन नऊ दिवस झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी ईदची नमाज खोलीत एकट्यानं पढलो होतो. बायको आणि मुली भूमला होत्या, मी तिकडं अडकलेला. निसर्ग नावाचं वादळ येतंय हे दोन दिवस आधी कळलं होतं. कच्च्या घरांतल्या लोकांना आम्ही सकाळीच शाळेत आणलं. दुपारी साडेबारा ते अडीच, एवढाच तो खेळ. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशे दहा किलोमीटर, झोत एकशे वीसचे, हे नंतर वाचलं. त्या वेळी फक्त आवाज होता. तो वाऱ्यासारखा वाटतच नव्हता. जणू शाळेवरून मालगाडी चालली होती आणि तिचे डबे संपत नव्हते. पत्रे कागदासारखे उडत होते. एक आजी सारखी एकच आयत पढत होती आणि तिच्या शेजारी बसलेली कोळीण तिचा हात धरून होती.

संध्याकाळी बाहेर आलो तर गाव ओळखू येईना. एवढं आभाळ आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. माड, पोफळी, फणस, आंबे, सगळं आडवं. पोफळी तर निम्म्यात मोडल्या होत्या, काड्यापेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा. पुढं कित्येक आठवडे वीज आली नाही.

नुकसानभरपाई आली, पण तिचा हिशेब कोकणाला लागू पडेना. आधी हेक्टरी अठरा हजार होते, ते पन्नास हजार केले. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. पाच-दहा गुंठ्यांत दीड-दोनशे पोफळी. लोकांनी ओरड केली, तेव्हा झाडामागे पैसे ठरले. सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. पोफळीचं रोप लावून पहिलं पीक हाती यायला पाच ते सात वर्षं लागतात. पन्नास रुपयांत सात वर्षं कशी बसवायची, हे गणित कुणालाच सुटलं नाही.

आणि वाट? वाट संपलीच होती. साकव वाहून गेला होता. पाखाडीचे चिरे उखडून खाली गेले होते. सुरूची झाडं आडवी पडून कुंपण झालं होतं. त्या पावसाळ्यात लाटांनी टेकडीची कड आणखी खाल्ली. सत्तर-ऐंशी पावलांचा एक तुकडा वाटेसकट समुद्रात गेला. मी ऑगस्टमध्ये जाऊन पाहिलं. वाट येत होती आणि हवेत संपत होती. पलीकडं पुन्हा सुरू होत होती.

शाळा बंद, त्यामुळं वाटेची ओरड कुणी केली नाही. लोकांची घरं शाकारायची होती, वाटेचं काय घेऊन बसलात? पण मला एका गोष्टीची भीती वाटत होती. वाट वादळानं मरत नाही, ती सवय मोडल्यानं मरते. पाय पडले नाहीत की वर्षात रान माजतं, दोन वर्षांत कुणी तरी तार ओढतो, पाच वर्षांत नवीन पोरं म्हणतात, 'इथं वाट? छे!' दगड वादळ नेतं. पण 'इथून सगळ्यांनी जायचं' हे जे ठरलेलं असतं, ते आपणच विसरून जातो.

नवीन वाट काढायची तर जागा एकच होती. तुटलेल्या कडेच्या आतून, एका वाडीतून. ती वाडी मोहल्ल्यातल्या एका चाचांची. चाचा म्हणजे कडक माणूस. उमेदीची वर्षं आखातात काढली होती, तिथल्या कमाईतून वाडी उभी केली होती. पोरांनी पडलेली सुपारी उचलली तरी हेडमास्तरांकडं तक्रार घेऊन यायचे. त्यांच्या वाडीत वादळानंतर दोनशेतल्या तीसेक पोफळी उभ्या राहिल्या होत्या. त्या माणसाकडं जाऊन मी आणि गावातले तिघे-चौघे म्हणालो, चाचा, वाडीतून वाट द्या.

चाचा म्हणाले, "वादळानं झाडं नेली. आता तुम्ही जमीन न्यायला आलात."

मी बोलायला सुरुवात केली. मास्तरच तो. मक्तबमध्ये आपण सगळेच जे शिकलेलो असतो, तेच सांगितलं, की रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं हाही ईमानचा एक भाग आहे. सदका-ए-जारियाबद्दल सांगितलं. लोक चालत राहतील तोवर सवाब मिळत राहील, म्हणालो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चहा घ्या." विषय संपला.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा आम्ही गेलोच नाही. जानेवारीत एका सकाळी चाचाच शाळेत आले. हातात सुतळीचं बंडल. म्हणाले, "चला, आखून घ्या."

नंतर कळलं ते असं. वादळानंतर चार दिवस डांबरी रस्ता बंद होता. चाचा आणि चाची घरात दोघंच, दारावर माड पडलेला. कोळीवाड्यातली पोरं वुडकटर खांद्यावर घेऊन, पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत, त्याच मोडलेल्या वाटेनं आली आणि त्यांनी दार मोकळं केलं. चाचा पुढं मला म्हणाले, "वाट पोरांनी तेव्हाच काढली होती, मास्तर. माझ्या वाडीतूनच आली होती ती. मी फक्त नाही म्हणायचं थांबवलं."

म्हणजे माझ्या बोलण्याचा काही उपयोग झाला नव्हता. हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

चाचांच्या अटी होत्या. दोन्ही बाजूंना गडगा गावानं घालून द्यायचा. गाडी, स्कूटर आणायची नाही. रुंदी चार हात, एक बोट जास्त नाही. जानेवारी ते मार्च २०२१, दर रविवारी श्रमदान झालं. वाट बांधणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, दगड रचले की झालं. एका गवंडी मामांनी शिकवलं, की वाट पावलांनी झिजत नाही, पाण्यानं झिजते. आधी पाण्याची वाट काढायची, मग माणसाची. डोंगराच्या अंगाला चर खणायचा. दर पंधरा-वीस पावलांवर पाणी आडवं काढून द्यायचं. पायरीचा चिरा जमिनीत नीट बसवायचा, हलला की पहिल्या पावसात गेलाच. आणि पाण्याला हलकासा उतार द्यायचा, एवढा की पाणी थांबू नये आणि चालणाऱ्याला कळू नये. साकवासाठी वादळात पडलेल्या माडांचीच खोडं वापरली. दोन आडवी टाकली, वर पोफळीच्या चिरफळ्या ठोकल्या. ज्यानं मोडलं त्याच्याच लाकडानं जोडलं.

मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडं गेलं. साकव हलला, वाटेचा एक तुकडा खचला. दोन दिवसांत लोकांनी दुरुस्त केला. कुणाला बोलवावं लागलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या आणि त्या सकाळी पोरांची रांग चाचांच्या वाडीतून आली. चाचा गडग्याला टेकून उभे होते. पोरांवर लक्ष ठेवायला, असं ते म्हणाले.

त्या काळात मी अशा वाटांबद्दल मिळेल ते वाचत होतो. दोन गोष्टी मनात राहिल्या. एक इंग्लंडची. तिथं नैऋत्य किनाऱ्यावरून एक हजार किलोमीटरहून लांब पायवाट जाते. तस्करांवर नजर ठेवायला पहारेकरी कडेकडेनं चालायचे, त्यांच्या पावलांनी तिचे पुष्कळ भाग पडले. तिथले कडे सतत ढासळतात आणि वाट समुद्रात जाते. इंग्लंडनं २००९ साली किनाऱ्याचा एक कायदा केला. त्यात अशी सोय आहे, की कडा ढासळला तर पायवाट आपोआप मागे सरते. समुद्र आत आला की वाटही आत येते, मागच्या शेतातून जायला लागते. म्हणजे त्या कायद्यानं वाट ही जमिनीची पट्टी मानलीच नाही. चालण्याचा हक्क मानला. जमीन गेली तरी हक्क उरतो, तो फक्त जागा बदलतो.

दुसरी जपानची. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनं ईशान्य किनाऱ्यावरची गावंच्या गावं नेली. त्यानंतर तिथल्या पर्यावरण मंत्रालयानं त्याच किनाऱ्यावरून पायवाट आखली, मिचिनोकु ट्रेल. हाचिनोहे ते सोमा, सुमारे हजार किलोमीटर. २०१९ मध्ये ती पूर्ण झाली. ती उद्ध्वस्त गावांना टाळून जात नाही, त्यांच्यामधून जाते. त्या भागात आनेयोशी नावाची वस्ती आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी एक दगड उभा केला, की याच्या खाली घरं बांधू नका. २०११ चं पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं. त्यांच्या आठवणीनं त्यांना वाचवलं. आठवण दगडावर लिहिली होती म्हणून.

मी शाळेत पोरांना हे सगळं सांगायचो. छान वाटायचं सांगताना.

२०२२ मध्ये मला भूमकडं जागा मिळाली आणि मी घरी आलो. अब्बांना पंच्याहत्तर झाली होती, कुणी तरी जवळ हवंच होतं. शेती धाकटा बघतो. मी पगारदार, तो शेतकरी. घरात हा फरक कुणी बोलून दाखवत नाही, पण तो असतो.

आणि मग सप्टेंबर २०२५. ज्या मराठवाड्याची बातमी म्हणजे दुष्काळ, तिथं महिनाअखेरीला असा पाऊस झाला की भूम, परंडा, वाशी या भागांत नदी कुठली आणि रान कुठलं ते कळेना. परंड्याकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. सीनेनं पुढं सोलापूर जिल्ह्यातली गावं बुडवली. आमचा ओढा बाणगंगेला मिळतो. मागचं पाणी उतरेना म्हणून तो फुगला आणि रात्रीतून त्यानं आपली कूस बदलली. सोयाबीन काढणीला आलेलं होतं. सकाळी सोयाबीन नव्हतं, त्याच्याखालची मातीही नव्हती. खाली नुसते दगडगोटे. 'जमीन खरडून गेली' हा शब्द मी पंचनाम्याच्या कागदांत वाचला होता. डोळ्यांनी तेव्हा पाहिला. आजोबांनी बैलांनी ओढून आणलेली, अब्बांनी दरवर्षी शेणखत घालून वाढवलेली काळी माती. ती कुठं गेली असेल? सीनेत? तिच्यासाठी तक्रार कुणाकडं करायची?

ऑक्टोबरात सरकारनं मदत जाहीर केली. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं. आमचं गेलं अर्धा एकर. हिशेब करून पाहा, रोख किती येते ते. पन्नास रुपयांची पोफळ मला पुन्हा आठवली.

त्या अर्ध्या एकरासोबत वाटही गेली होती. ओढ्याच्या काठानं जाणारी ती पाणंद, पलीकडच्या वस्तीवरची दहा-बारा घरं तिच्यावर जगत होती. आमच्या तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरीकडचा पेढा खाल्ला असेल तुम्ही, तो त्याच खव्याचा. वस्तीवरचं दूध सकाळी मोटारसायकलवर कॅन टांगून भट्टीवर जातं. आता लांबून, दुसऱ्या शिवारातून फिरून जावं लागत होतं. उशीर झाला की दूध नासायची भीती, आणि भट्टीवाला नासकं दूध कशाला घेईल? पोरांची शाळाही त्याच वाटेवरची.

तलाठ्यांनी गाव नकाशा काढून दाखवला. नकाशात वाट होती. एक तुटक रेषा, पायमार्ग, सव्वाआठ फूट. पण ती रेषा आता जिथं पडत होती तिथं कमरेएवढं पाणी होतं. कागदावर वाट, जमिनीवर ओढा. वाट पाहिजे तर ती मागे सरायला हवी होती. मागे म्हणजे आमच्या रानात.

आता तुम्हाला कळलं असेल, त्या दिवशी मला बोलता का येईना.

भाऊ म्हणाला, "लोकांनी अर्ज करावा. मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, महसूल कायद्याचं १४३ कलम आहे. तहसीलदार देतील बांधावरून वाट, द्यायची तर." तो चुकीचं बोलत नव्हता. कायदा आहे. पण अर्ज, स्थळपाहणी, हरकत, अपील. यात किती उन्हाळे जातात ते गावातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक होतं.

घरी येताना मी त्याला समजावू लागलो. तो गाडी चालवता चालवता म्हणाला, "भाई, तुमकू क्या. एक तारीख को पगार आता तुमारा. मेरा तो खेत-इच पगार है."

मी गप्प बसलो. श्रीवर्धनला चाचांना जे जे सांगितलं होतं ते सगळं मला पाठ होतं. पण तिथं माझी एक वीतभर जमीन जात नव्हती. तिथं मी भाड्याच्या खोलीत राहणारा मास्तर होतो. दुसऱ्याच्या वाडीतून वाट मागत होतो आणि सवाबचा हिशेब सांगत होतो. त्या माणसाच्या दीड-पावणेदोनशे पोफळी पडल्या होत्या. त्याच्या शेजारी जाऊन मी आधी ते मोडलेले बुंधे उचलू लागलो असतो तर? कोळीवाड्यातल्या पोरांनी तेच केलं होतं. त्यांनी भाषण केलं नव्हतं.

रात्री मी चाचांना फोन लावला. ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं. सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. चाचा बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "मास्तर, तेव्हा तुम्ही फार चांगलं बोलला होतात. ते सगळं आता स्वतःला सांगा." थोडं थांबून म्हणाले, "भावाला काही सांगू नका. त्याच्याबरोबर दगड उचला."

पुढचे पाच रविवार मी रानात गेलो. सोळा वर्षं खडू धरलेला हात, पहिल्याच दिवशी फोड आले. भाऊ काही बोलला नाही, पण दुसऱ्या रविवारी त्यानं माझ्यासाठी जुने हातमोजे आणले. आम्ही दोघं गोटे वेचून ओढ्याच्या कडेला रचत होतो, नवीन काठ बांधत होतो. तिसऱ्या रविवारी वस्तीवरचे चौघे आले. कुणी बोलावलं नव्हतं. वाटेचा विषय कुणीच काढला नाही. दिवसभर गोटे रचले, भाकरी खाल्ली, गेले. चौथ्या रविवारी नऊ जण आले.

त्या संध्याकाळी अब्बा खाटेवर बसून विचारत होते, काम किती झालं, कोण कोण आलं. भावानं सांगितलं. अब्बा म्हणाले, "तेरे दादा का जनाजा उसी बाट से गया था. बस्तीवाले खांदा देते आए थे." एवढंच. द्या म्हणाले नाहीत, नका देऊ म्हणाले नाहीत.

पाचव्या रविवारी भाऊ टेप घेऊन आला. नवीन काठाला लागून दोनशे चौसष्ट फूट लांब, सव्वाआठ फूट रुंद. मी मनातल्या मनात गुणाकार केला. बरोबर दोन गुंठे. त्यानंही केला असणार, त्याला माझ्याहून लवकर येतो.

तो खुशीनं देत होता असं मी लिहिणार नाही. अर्धा एकर गेलेल्या माणसाला दोन गुंठे म्हणजे थोडे नसतात. त्यानं अट घातली, की खालच्या अंगानं ओढ्याचा काठ दरवर्षी वस्तीनं आमच्याबरोबर बांधायचा. त्यांनी मान्य केलं. माझी अट वेगळी होती. हे लिहून ठेवायचं. भाऊ चिडला, "जबान पे भरोसा नहीं क्या?" मी म्हणालो, भरोसा आहे, पण पोरांना आपली जबान कशी ऐकू येणार? उद्या पुन्हा ओढा फिरेल, माझ्या पोरी आणि त्यांची पोरं इथं उभी राहतील आणि विचारतील, वाट कुठून होती? त्यात एक ओळ मी मुद्दाम घातली. ओढा आणखी आत आला तर वाटही आत सरेल, तेवढीच रुंद. भावानं ती दोनदा वाचली. मग सही केली. आण्णांनी अंगठा उठवला. तलाठ्यांना प्रत दिली. कायद्याच्या तराजूत त्या कागदाचं वजन किती, ते वकील सांगतील. आमच्या दोन शिवारांत आहे.

वाट करताना गवंडी मामांचं शिकवणं कामी आलं. आधी पाण्याची वाट काढली, मग माणसाची. रानाकडच्या अंगाला चर खणला, तीन ठिकाणी सिमेंटचे पाइप आडवे घातले, वर मुरूम टाकून दाबला. वस्तीवरच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं डिझेलचे पैसे घेतले, भाडं घेतलं नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी, फजरनंतर, मी आणि भाऊ रानात होतो. धुकं होतं. वस्तीकडून मोटारसायकलचा आवाज आला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन टांगलेले, पोरगा विशीतला, जरा जोरातच होता. नव्या वाटेवर त्याचं पुढचं चाक हललं.

भाऊ कुदळ टेकून उभा होता. ओरडला, "ए, हळू! मुरूम अजून बसला नाही."

पोरगा हळू झाला, मान हलवली आणि भट्टीकडं गेला. भाऊ वाकला, त्याच्या चाकानं उडालेला एक गोटा उचलला आणि वाटेच्या बाजूला ठेवला.